उलटा कप

९ जानेवारी

आत्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फोनवर माणूस ऐकत नाही, समोरचा कधी थांबतोय याची वाट बघतो, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पण शाळा सुटल्यापासून पेन असं हातात धरलं नव्हतं. बोटं दुखतायत, एवढं तुला कळावं.

नोकरी लागून तीन आठवडे झाले. कंपनी लिफ्ट बसवते आणि दुरुस्त करते. माझ्या टेबलावर 'वर्तन सल्लागार' अशी पाटी आहे. दुरुस्तीच्या टोळीचे प्रमुख मिस्त्री म्हणून ओळखले जातात. त्यांनी पाटी दोनदा वाचली आणि विचारलं, "म्हणजे आमचं वर्तन बिघडलंय, असं कोणी कळवलंय का?" मी सांगितलं, माणसं काम कशासाठी करतात, कशाने चांगलं करतात आणि कशाने वाईट, याचा मी अभ्यास केलाय. ते म्हणाले, "मग तुम्ही लग्न करू नका, ताई. फार कळलेलं बरं नसतं."

मोठ्या साहेबांनी मला एकच काम दिलंय. दुरुस्तीत चुका फार होतात, इमारतवाले कुरकुरतात, तर सहा महिन्यांत चुका कमी करून दाखवायच्या. जमलं तर नोकरी कायम, नाहीतर नमस्कार.

आता तुला एक विचारायचंय. या टोळीची एक रीत आहे. सकाळी कामावर निघण्यापूर्वी गोदामातल्या लांब बाकावर सगळे चहाला बसतात. आदल्या दिवशी ज्याच्या हातून काही चुकलं असेल, तो आपला कप बशीत उलटा ठेवतो. मिस्त्री किटली घेऊन येतात आणि उलट्या कपापाशी थांबतात. सगळे थांबतात. मग त्या माणसाने सगळ्यांसमोर चूक सांगायची. सांगून झालं की मिस्त्री एवढंच विचारतात, "कुठे आहे?" म्हणजे कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर. त्याने जागा सांगितली की कप सुलटा होतो, चहा मिळतो आणि दोघं जण आधी तिथे जाऊन ते नीट करून येतात. मिस्त्री मग ऑफिसात कळवतात. साहेबांकडे चुकांचा आकडा येतो तो तिथून.

काल शिडीने कप उलटा ठेवला होता. शिडी म्हणजे टोळीतला सगळ्यात उंच माणूस. नाव त्याच्या बायकोलाच माहीत असावं. एक खिळा आत विसरलो, असं तो सांगत होता, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. टोळीतली विजेच्या तारा जोडणारी, तिला सगळे वायरवाली म्हणतात, ती त्याला म्हणाली, "डोकं एवढं वर आहे, तिथपर्यंत आठवण पोचायला वेळ लागतो." सगळे हसले. तोही हसला. पण मला बघवेना. रोज सकाळी सगळ्यांसमोर कबुली द्यायची, हे मला बोचतं. तुझं काय मत? तू आयुष्यभर कामगारांतच राहिलीस.

तुझी,
सुतळी

(मी आता तेवढी बारीक राहिलेली नाही, पण तू दुसऱ्या नावाने ओळखणार नाहीस.)


१७ जानेवारी

सुतळे,

तुझं पत्र वाचलं आणि उठून उभी राहिले. गुडघे म्हणाले बस, मी म्हटलं गप्प बसा.

तू विचारतेस, माझं मत काय. मी सतरा वर्षांची असताना बिस्किटांच्या कारखान्यात डबे भरायला लागले. ज्या मुलीचा डबा चुकीचा भरला जाई, तिला जेवणाच्या सुट्टीत एका स्टुलावर उभं करत. बाकीच्या खाली बसून जेवत आणि ती वरून बघत राही. एक दिवस मला उभं केलं. मी तिथून खाली बघितलं. प्रत्येक मुलगी मान घालून जेवत होती, कारण उद्या कोण वर असेल ते ठाऊक नव्हतं. आणि माझ्या तोंडून शब्द निघायला लागले. माझं पहिलं भाषण मी त्या स्टुलावरून केलं, पोरी. मुकादमाने मला खाली ओढेपर्यंत करत होते.

तेव्हापासून मी एकच गोष्ट सांगत आलेय. माणूस भीतीने हात हलवतो, पण मानाने काम करतो. ज्याचा मान तुम्ही सकाळी काढून घेतलात, त्याच्याकडून संध्याकाळी कसलं इमान मागता? घोड्याला चाबूक लागतो, यंत्राला तेल लागतं. माणसाला काय लागतं? कुणीतरी म्हणावं लागतं, की हे तू केलंस आणि हे चांगलं झालं. हा पगाराहून जुना हक्क आहे. पोथ्या लिहिणाऱ्यांनी तो लिहिला नाही, कारण त्यांना तो कायमच मिळत आला होता.

आणि तुमच्याकडे भर सकाळी, पोटात चहाचा घोट जाण्याआधी, माणसाला सगळ्यांसमोर आपली चूक चघळायला लावतात. वर त्याला हसतात. तो हसला म्हणून तुला वाटलं चालतंय? स्टुलावरच्या मुलीही हसायच्या. अपमान झालेला माणूस सगळ्यात आधी हसतो. त्याचे कान लाल होते, हे तूच लिहिलंयस. माणसाचं तोंड खोटं बोलेल, त्याचे कान बोलणार नाहीत.

तू शिकलेली आहेस. त्या शिक्षणाचा उपयोग कर. तो कप आधी कपाटात टाक आणि त्यांच्या चांगल्या कामाचा गौरव कर. उघड, सगळ्या गावाला दिसेल असा. साहेबांचे फोटो भिंतीवर असतात ना? त्याच भिंतीवर यांचे लाव. मग बघ हात कसे चालतात.

हवं तर हे पत्र त्यांना वाचून दाखव. माझी काही हरकत नाही.

तुझी,
आत्या


२ फेब्रुवारी

आत्या,

वाचून दाखवलं. चहाच्या वेळीच, बाकावर उभी राहून. तुझा आवाज माझ्याकडे नाही, तरी स्टुलाच्या गोष्टीपाशी वायरवालीने डोळे पुसले. संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री म्हणाले, "तुमच्या आत्याबाई फार जोरात बोलतात. इथपर्यंत ऐकू आलं." मग किटली खाली ठेवून त्यांनी विचारलं, "म्हणजे कप आता उलटा ठेवायचा नाही?"

मी म्हटलं, नाही, कुणालाही असं उघडं पडायची गरज नाही. ज्याला काही सांगायचं असेल त्याने चिठ्ठी लिहून पेटीत टाकावी, नाव न घालता. आणि ज्या आठवड्यात पेटी रिकामी राहील, तो 'नितळ आठवडा'. त्या आठवड्याच्या शेवटी टोळीचा फोटो काढून कंपनीच्या दर्शनी काचेत लावायचा, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

आमच्या अभ्यासाचं पहिलं सूत्र तेच आहे, आत्या. ज्या वागण्यामागून काही सुखाचं येतं, ते वागणं वाढतं. तू ते स्टुलावर शिकलीस आणि मी वर्गात, एवढाच फरक.

पहिल्याच आठवड्यात पेटी रिकामी. फोटोवाला आला. शिडी सवयीप्रमाणे मागे उभा राहिला आणि फोटोत त्याचं डोकंच आलं नाही. पुन्हा काढावा लागला, त्याला पुढे जमिनीवर बसवून. फोटो लागला तेव्हा सगळे रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघून आले. मिस्त्री दोनदा. संध्याकाळी मिस्त्रींची सून माहेरच्या माणसांना घेऊन आली होती, काचेसमोर उभी राहून बोटाने दाखवत होती.

दुसऱ्या आठवड्यातही पेटी रिकामी. साहेबांनी मला बोलावून खुर्ची दिली. आजवर उभंच राहायला लागायचं.

चहा आता लवकर उरकतो. बाकावर थोडी शांतता असते. मला वाटतं सवय व्हायला वेळ लागेल.

तुझी,
सुतळी


२० मार्च

सुतळे,

तुझी छोटी पत्रं मिळतायत. नितळ आठवड्यांची माळच झाली की. तू साहेबांसाठी काढलेला तो चुकांचा आलेख, उतरत उतरत जमिनीला टेकलेला, मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. साडी काढताना रोज दिसतो.

मागच्या रविवारी सभागृहात माझं व्याख्यान होतं, 'श्रम आणि सन्मान'. तुझी गोष्ट सांगितली. कंपनीचं नाव घेतलं नाही, घाबरू नकोस. उलटा कप सांगितला तेव्हा सभागृह कण्हलं. फोटो सांगितला तेव्हा असं उसळलं की मला थांबावं लागलं. इतक्या वर्षांत माझ्याकडे फक्त प्रश्न होते, उत्तर नव्हतं. आता आहे, आणि ते माझ्या भाचीने काढलंय. पुढच्या तीन ठिकाणची बोलावणी आली आहेत.

व्याख्यानानंतर एक परिचारिका भेटली. थोराड बाई, हातातली पिशवी सोडत नव्हती. त्यांच्या दवाखान्यातल्या कसल्याशा खुर्चीचं सांगत होती. ते कधीतरी निवांत लिहीन. मला न्यायला गाडी येऊन थांबली होती.

तू बारीक दिसत असशील. जेवत जा.

आत्या


११ एप्रिल

आत्या,

शिडीच्या हाताला लागलंय. एका ऑफिसच्या इमारतीत. शस्त्रक्रिया झाली. उजव्या हाताची तीन बोटं गेली. जिवाला धोका नाही.

मी ठीक आहे. तू येऊ नकोस. पुढच्या व्याख्यानात आमची गोष्ट सांगू नकोस, एवढं ऐक.

सुतळी


१५ एप्रिल

सुतळे,

येऊ नको म्हणतेस आणि कारण लिहीत नाहीस. पत्र असं लिहितात? वर्तमानपत्रात मृत्यूची ओळही याहून लांब असते.

मला कारण कळलंय. ज्या टोळीच्या हातून गेल्या दहा-अकरा आठवड्यांत एक चूक झाली नाही, त्या टोळीतल्या माणसाची बोटं तुटतात. म्हणजे दोष कुणाचा? हातांचा नक्कीच नाही. हात नितळ आहेत, तुझा आलेख साक्षीला आहे. दोष सडक्या यंत्रांचा आहे, मालकाच्या चालढकलीचा आहे. आणि तुला तोंड बंद ठेवायला सांगितलंय, कारण नोकरी कायम व्हायला दोनच महिने राहिलेत. मला हे सगळं पाठ आहे. मी याच पाठावर म्हातारी झाले.

मी येते. तुमच्या फाटकासमोर उभी राहते. गुडघे चालले नाहीत तर खुर्चीवर बसून बोलेन. त्या माणसाचा हात आणि तुझा आलेख असे दोन पुरावे हातात असल्यावर मला आणखी काय लागतं? गाडीचं तिकीट काढायला शेजारणीला सांगितलंय. तो फोटो काचेतून काढू देऊ नकोस.

आत्या


२० एप्रिल

आत्या,

तिकीट परत कर. मग हे पुढचं वाच, बसून वाच.

दार उघडं असताना लिफ्ट हलू नये, अशी सोय दाराच्या कुलपातच असते. दुरुस्ती करताना कधी कधी तारेचा छोटा तुकडा लावून ती सोय फसवावी लागते, म्हणजे दार उघडं ठेवूनही लिफ्ट हलवून बघता येते. काम संपलं की पहिलं काम, तो तुकडा काढणं. शिडी काढायला विसरला. घरी गेल्यावर त्याला आठवलं.

आधी असतं तर सकाळी त्याने कप उलटा ठेवला असता. वायरवाली काहीतरी बोलली असती, सगळे हसले असते, त्याचे कान लाल झाले असते. मिस्त्रींनी विचारलं असतं, कुठे आहे? आणि दोघं जण जाऊन मुख्य बटण बंद करून, दारावर पाटी लावून, तुकडा काढून आले असते. न्याहारीच्या आत.

त्या सकाळी तो गप्प चहा प्यायला. दुपारी दात दाखवून येतो असं सांगून एकटाच गेला. मुख्य बटण बंद करायचं तर पहारेकऱ्याकडून किल्ली मागावी लागते, आणि किल्ली मागितली की ऑफिसात कळतं. म्हणून त्याने बटण बंद केलं नाही. आपल्याजवळच्या चावीने वरच्या मजल्याचं दार उघडलं आणि हात आत घातला. खाली कुणीतरी बटण दाबलं. दार उघडं असूनही लिफ्ट हलली, कारण ती हलू नये अशी सोय त्याने स्वतःच आदल्या दिवशी फसवून ठेवली होती.

हे त्यानेच मला दवाखान्यात सांगितलं. मी विचारलं, कप राहू दे, पण पेटीत चिठ्ठी का नाही टाकली? नाव तर लिहायचं नव्हतं. त्याने पट्टी बांधलेला हात चादरीखाली घेतला. मग म्हणाला, "ताई, फोटो उतरला असता ना. सगळ्यांचा. फोटो लागल्यापासून सासूबाई मला अहो म्हणतात."

आत्या, मला वाटलं मी चूक न होण्याला बक्षीस देतेय. पण चूक मला दिसतच नव्हती, मला दिसायची फक्त रिकामी पेटी. मी बक्षीस दिलं ते रिकाम्या पेटीला. आणि मी शिकले तसंच झालं. ज्या वागण्यामागून सुख आलं, ते वाढलं. ते वागणं होतं गप्प बसणं.

मला हे आधी कळायला हवं होतं. बाकावर शांतता आहे, हे मी तुला फेब्रुवारीतच लिहिलं होतं. मी ती ऐकली आणि सवयीचा प्रश्न आहे म्हणून सोडून दिली, कारण साहेबांनी मला खुर्ची दिली होती.

आता सगळ्यात वाईट. कंपनीने चौकशी बसवली आहे. त्यांचं म्हणणं असं, की शिडीने एकट्याने, बटण बंद न करता काम केलं, नियम मोडला, म्हणून उपचार त्याचे त्याने बघावेत आणि कामावर येऊ नये. पुरावा म्हणून त्यांनी काय जोडलंय, सांगू? माझा आलेख. बाकी सगळी टोळी इतकी दक्ष आहे की महिनोन्‌महिने एक चूक नाही, हाच एक बेफिकीर. तू ज्या कागदावर त्याला वाचवायला निघाली होतीस, त्याच कागदाने ते त्याला बाहेर काढतायत.

पुढच्या आठवड्यात मला तिथे बोलायचंय. बोलले तर माझी नोकरी जाईल. नाही बोलले तर त्याची गेलेलीच आहे.

मला तुझं भाषण नकोय. पण मला भीती वाटतेय, हे तुझ्याशिवाय कुणाला लिहू?

सुतळी


९ मे

आत्या,

तुझं उत्तर आलं नाही. तू गप्प आहेस, असं माझ्या आठवणीत पहिल्यांदाच होतंय. रागावली असशील किंवा आजारी असशील. शेजारणीला फोन केला, ती म्हणाली, खिडकीत बसलेल्या असतात. म्हणून लिहिते.

चौकशीत बोलले. समोर साहेब, त्यांचे वकील आणि आणखी दोघं. आलेख टेबलावर होता, चांगल्या कागदावर छापलेला. मी म्हटलं, हा मी काढलाय, आणि याच्यात चुका दिसत नाहीत कारण त्या ऐकायची एकच जागा होती, ती मी बंद केली. वकिलांनी विचारलं, म्हणजे इतरांकडूनही चुका झाल्या असं तुमचं म्हणणं आहे? पुरावा? पुरावा माझ्याकडे नव्हता. मी म्हटलं, उद्या सकाळी चहाला या.

ते आले नाहीत. साहेब आले, दारात उभे राहिले.

मी बाकावर बसले आणि माझा कप उलटा ठेवला. मिस्त्री किटली घेऊन येत येत माझ्यापाशी थांबले. कुणी हललं नाही. मी सगळं सांगितलं. तुमच्या रीतीला मी अपमान समजले, जे तुम्ही एकमेकांना सांगत होतात ते बंद केलं, वर त्याचं बक्षीस दिलं आणि शिडीची बोटं गेली.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं. मग रीतीप्रमाणे विचारलं, "कुठे आहे?"

आत्या, मला उत्तर देता आलं नाही. त्यांच्या चुका कुठल्या तरी मजल्यावर असतात, जाऊन काढता येतात. माझी कुठे आहे? ते किटली धरून उभे राहिले. चहा त्यांनी ओतला नाही.

किटली बाकावर ठेवून त्यांनी स्वतःचा कप उलटा केला. फेब्रुवारीत एका लिफ्टचा बोल्ट त्यांच्या हातून सैल राहिला होता. सुट्टीच्या दिवशी ते गुपचूप जाऊन आवळून आले होते, बॅटरी धरायला बायकोला घेऊन. ती तेव्हापासून लिफ्टने चढत नाही. मग वायरवालीने कप उलटा केला. मग एकेक करत सगळ्यांनी. त्या दिवशी कुणालाच चहा मिळाला नाही. काही चुका लपूनछपून दुरुस्त झाल्या होत्या, काही अजून तशाच होत्या, लोक त्यातून रोज वरखाली करत होते. मिस्त्रींनी जोड्या लावल्या आणि सगळे बाहेर पडले. साहेब वाटेतून बाजूला झाले.

शिडीला काढणार नाहीत. उपचार कंपनीच्या अंगावर. हात बरा झाला की तक्रारींचे फोन घ्यायच्या टेबलावर बसेल. त्याला सांगायला गेले तर म्हणाला, "बरं झालं, बसल्यावर मी सगळ्यांएवढाच दिसतो." सासूबाई शेजारी बसून त्याला भरवत होत्या आणि अजूनही अहोच म्हणत होत्या. मला तिथे थांबवेना.

माझी सहा महिन्यांची मुदत पुढच्या महिन्यात संपते. पुढचं साहेबांनी सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. फोटो मी स्वतः काचेतून काढला. मागे चौकोनी स्वच्छ डाग राहिलाय, पुसून जात नाही.

दोन ओळी तरी लिही.

सुतळी


१७ मे

सुतळे,

आजारी नाही, रागावलेलीही नाही. लिहायला बसले की भाषण व्हायचं. पाच कागद फाडले. हा सहावा, यात होईल तेवढं कमी बोलते.

ती परिचारिका. तिच्या दवाखान्यात खिडकीजवळ एक खुर्ची असायची. कामाची पाळी संपली की जिच्या हातून काही चुकलं असेल ती त्या खुर्चीत बसायची आणि बाकीच्या तिच्याभोवती उभ्या राहायच्या. नव्या अधिकाऱ्याला ते वाईट दिसलं, त्याने खुर्ची हलवली. पुढे काय झालं ते तिने मला सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, तुला कल्पना येईल. शेवटी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बाई, तुमच्या भाचीला आजच कळवा."

आजच, म्हणाली. मी गाडी थांबल्याचं कारण सांगून हात सोडवून घेतला. गाडीवाला आमच्या गल्लीतलाच, तासभर थांबला असता. तुला कळवलं असतं तर माझी गोष्ट मोडली असती आणि पुढे तीन व्याख्यानं होती. त्यानंतर शिडीची बोटं जाईपर्यंत जवळजवळ महिना होता. पत्र चार दिवसांत पोचतं.

तू लिहितेस की तुला आधी कळायला हवं होतं. पोरी, मला तर येऊन सांगितलं होतं.

आणि तुझं ते जानेवारीचं पत्र मी परत काढून वाचलं. सगळं आहे त्यात. चूक सांगितली की चहा मिळतो, दोघं मदतीला जातात, थट्टा होते ती घरातल्यासारखी. मला त्यातला कप दिसलाच नाही. मला स्टूल दिसलं. पन्नास वर्षं मला जिथे तिथे स्टूलच दिसत आलंय, आणि लोक त्यालाच माझी नजर म्हणतात.

काल ठरलेलं व्याख्यान होतं. रद्द करणार होते, मग वाटलं, जिथे खोटं सांगितलं तिथेच खरं सांगावं. टेबलावर पाण्याचा ग्लास असतो ना वक्त्यासाठी, तो मी रिकामा करून उलटा ठेवला आणि सगळं सांगितलं. कप, फोटो, परिचारिका, तिचा सोडवून घेतलेला हात, शिडीची बोटं. आवाज चढवला नाही. बोलून झाल्यावर थांबले. मला वाटलं, कुणीतरी विचारेल, कुठे आहे?

सभागृह उभं राहिलं आणि टाळ्या वाजवायला लागलं. केवढं धैर्य, म्हणाले. केवढा प्रामाणिकपणा. पहिल्या रांगेतल्या बायका रडत होत्या. किती तरी वेळ वाजत राहिल्या त्या टाळ्या. आयुष्यात एवढ्या मिळाल्या नव्हत्या.

आणि सुतळे, मला ते आवडलं.

एका माणसाची बोटं गेल्याची गोष्ट सांगून मी तिथे उभी होते आणि माझ्या अंगावर सुखाचा काटा आला. घरी येईपर्यंत मी पुढच्या वेळी हेच कुठल्या शब्दांत सांगायचं ते जुळवत होते. जिना चढताना ते माझ्या लक्षात आलं. तिथेच पायरीवर बसले. तुझं ते पहिलं सूत्र काय आहे, ते मला आता कुणी शिकवायला नको.

पुढची बोलावणी मी परत केली आहेत.

तिकीट पुन्हा काढलंय, पुढच्या सोमवारचं. फाटकाशी उभी राहणार नाही. शिडीला भेटेन, तो भेटू देईल तर. आणि मंगळवारी सकाळी मला तुमच्या त्या बाकावर घेऊन चल. मिस्त्रींना आधी विचार, आत्याबाई जोरात बोलतात त्या नाही, दुसरी कुणी येतेय म्हणून सांग. माझ्यासाठी एक कप मांड. उलटा मी ठेवीन.

तिथे टाळ्या वाजवत नाहीत ना?

आत्या